सोरायसिससाठी घरचं मलम : कापूर गेला, कोरफड गेली, मेण राहिलं

सुईदोरा (सातारा) | १२ नोव्हेंबर, रात्री १०.१५

मागे एका धाग्यावर सहज लिहिलं होतं की कोपरांसाठी मी मलम घरीच करते. त्यावर इतके व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले की एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी साताऱ्यात घरीच ब्लाउज शिवते. बावीस वर्षं झाली. सोरायसिस सुरू होऊन अकरा. दोन्ही कोपरं, गुडघे आणि थोडा कानामागे. मशिनवर बसलं की कोपर टेबलाला टेकतं आणि नेमकं तिथंच दिवसभर घासतं. या आजारात जिथं कातडी घासते, खरचटते, तिथंच नवा चट्टा उठू शकतो. डॉक्टर त्याला कोबनर म्हणतात. मला नाव नंतर कळलं, कोपर आधीपासून सांगत होतं.

खरा त्रास काळ्या कापडाचा. कटिंग करताना त्यावर पांढरा भुसा पडायचा. फुंकर मारून उडवायची, आणि दार वाजलं की पदर कोपरावर ओढायचा. एकदा एक बाई माप द्यायला आल्या, टेबलावरचा भुसा बघितला आणि कापड उचलून ‘येते नंतर’ म्हणून गेल्या, त्या गेल्याच. हा रोग कुणाचा कुणाला लागत नाही, शिवलेल्या ब्लाउजातून तर नाहीच नाही, एवढं सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

आता मलम. पहिलंच सांगते, यानं सोरायसिस बरा होत नाही. आपल्या कातडीचा वरचा थर साधारण महिनाभरात बदलतो. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती बिथरलेली असते आणि तेच काम चार-पाच दिवसांत उरकतं, म्हणून खपल्यांवर खपल्या. ते आतलं यंत्र मेण-तेलानं थांबत नाही. माझं डॉक्टरांनी दिलेलं औषध चालूच आहे. मलम कोरडेपणा मोडतं, खपली मऊ करतं, खाज कमी करतं. मला तेवढं पुष्कळ आहे, कारण खाजवलं नाही की चट्टा चिघळत नाही.

पहिली खेप मी कापूर आणि निलगिरी घालून केली होती. बाम म्हटलं की डोकेदुखीची डबी आठवते ना, थोडं चुरचुरलं पाहिजे अशी आपली समजूत. लावलं, आणि पाचव्या मिनिटाला मोरीत कोपर नळाखाली धरून उभी होते. चट्ट्यावरची कातडी आधीच फुटलेली, त्यावर कापूर म्हणजे मिरची चोळल्यासारखं.

दुसऱ्या खेपेला कुंडीतली कोरफड. गर काढला, मिक्सरला फिरवला, तेल-मेणात ढवळला. दिसायला काय सुंदर! आठव्या दिवशी बरणीच्या कडेला हिरवट लव. नुसतं तेल आणि मेण असेल तर त्यात बुरशी सहसा धरत नाही, पण पाण्याचा अंश गेला की वाढायला जागा मिळते. गुलाबपाणी, कोरफड, लिंबू, कडुनिंबाचा ओला पाला, सगळ्याला हेच लागू. बाजारच्या क्रीममध्ये टिकवणारं द्रव्य असतं म्हणून ते टिकतं.

आता जे करते ते असं. शंभर ग्रॅमच्या खेपेला पन्नास ग्रॅम लाकडी घाण्याचं खोबरेल, वीस तीळतेल, दहा कोकमतेल आणि वीस मेण. सगळं वजनावर. वाटी-चमच्यानं मोजू नका, मेणाचे तुकडे वाटीत कसेही बसतात. पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, त्यात स्टीलचा कोरडा डबा, डब्यात आधी मेण. मेण बासष्ट-चौसष्ट अंशांना वितळतं, त्यामुळे घाई नको आणि थेट आचेवर तर मुळीच नको. पातळ झालं की कोकमतेल, मग बाकीची तेलं. तेल पडताच कडेचं मेण पुन्हा पांढरं गोठतं, घाबरू नका, ढवळत राहिलं की विरघळतं. मग चमच्याची पाठ बुडवून एक मिनिट फ्रीजरमध्ये ठेवायची आणि नखानं दाबून बघायची. नख सहज रुतलं आणि बोटावर चोळताच वितळलं की झालं. घट्ट वाटलं तर चमचाभर तेल, फार मऊ वाटलं तर मेणाचा तुकडा.

साताऱ्याच्या थंडीत खोबरेल नुसतंच गोठतं, तेव्हा मेण पंधरावर आणते. मे महिन्यात सांगलीच्या नणंदेला पाठवायचं असलं तर पंचवीस. एकदा वीसचंच पाठवलं होतं, तिकडं पोचेपर्यंत पिशवीत तेल आणि माझी अब्रू दोन्ही सांडलं होतं.

भांडं गरम असतानाच वर्तमानपत्रानं पुसा. मेण मोरीत गेलं तर पुढचा धागा प्लंबरवर काढावा लागेल.

---

कराडचा_शिरपा | १२ नोव्हेंबर, रात्री ११.०२

ताई, लई भारी लिहिलंय. काळ्या कापडाचं वाचून गलबललं. मी अकरावीपासून फुल बाह्यांचाच शर्ट घालतो, लग्नातसुद्धा कोट काढला नव्हता. फोटोग्राफर म्हणाला, ‘साहेब, घामानं भिजलाय, कोट काढा की.’ न्हाई म्हंजे न्हाई.

एक विचारतो. व्हॅसलिन स्वस्तात मिळतं की, मग एवढा घोळ कशाला?

---

सुईदोरा | १२ नोव्हेंबर, रात्री ११.२०

शिरपादादा, अगदी खरं. पेट्रोलियम जेलीला नाव ठेवायला जागा नाही, वास नाही, आग नाही, बुरशी नाही. माझ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तीच सांगितली होती. मला ती कापडासाठी जमत नाही, वरच्यावर बसून राहते आणि हात लागेल तिथं डाग. मेणाचं मलम थोडं लावलं की पंधरा-वीस मिनिटांत बसतं. ज्यांचं काम कापडाशी नाही त्यांनी खुशाल जेली वापरावी आणि माझा धागा गोष्ट म्हणून वाचावा.

---

हरिपूरची_सून | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

वहिनी, हळद कशी नाही घातली? आमच्या घरात हळदीशिवाय काही बरं होतं यावर सासूबाईंचा विश्वासच नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या हरिपुरात जमिनीतल्या पेवांत हळद साठवायचे, आजेसासरे सांगायचे की पेवात उतरण्याआधी कंदील सोडून बघायचे, विझला तर माणूस उतरत नसे. पुरानं पुष्कळ पेवं गेली. तर सांगायचं काय, हळद घाला!

---

सुईदोरा | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

घातली होती हो! लिहायची लाज वाटली म्हणून वगळलं. हळदीचा रंग पाण्यापेक्षा तेलात जास्त उतरतो, म्हणजे हळदीचं मलम हे मलम कमी आणि रंग जास्त. एका गिऱ्हाइकाच्या मोतिया रंगाच्या ब्लाउजच्या बाहीवर माझ्या कोपराचा पिवळा शिक्का. घाबरून साबण लावला, तर तो लालभडक! कुंकू करताना हळदीत चुना घालतात ना, तेच झालं. शेवटी साबण पूर्ण धुऊन काढला आणि ब्लाउज गच्चीवर उन्हात टाकला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डाग शोधून सापडेना. गिऱ्हाइकाला दोन दिवस ‘हुक राहिलेत’ म्हणून सांगितलं, देव माफ करो.

चट्ट्याला फरक? मला तरी साध्या मलमापेक्षा वेगळा काही जाणवला नाही. सासूबाईंना सांगू नका.

---

औषधपेटी | १३ नोव्हेंबर, दुपारी २.१०

सांगलीत मेडिकलच्या काउंटरवर तीस वर्षं उभा आहे, त्या अनुभवावर थोडं लिहितो. ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये ‘बरा होत नाही’ लिहिलं म्हणून बरं वाटलं.

लावायची वेळ महत्त्वाची. कोमट पाण्यानं अंघोळ, अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि कातडी ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत मलम. कोरड्या कातडीवर तासाभरानं लावलं तर आत धरून ठेवायला पाणीच उरत नाही. लव ज्या दिशेला आहे त्या दिशेनं लावा, उलटं चोळलं की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. डॉक्टरांचं औषधी क्रीम असेल तर दोन्हींत अर्धा तास तरी जाऊ द्या. प्रकाशोपचार चालू असेल तर त्याआधी जाड थर नको, किरण अडतात.

नवीन खेप आधी हाताच्या आतल्या बाजूला, जिथं चट्टा नाही तिथं, वाटाण्याएवढी लावून दोन दिवस बघा. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य काउंटरवर रोज ऐकतो. खाजकुयलीसुद्धा नैसर्गिकच आहे.

---

मिरजेची_मावशी | १३ नोव्हेंबर, दुपारी ४.३५

मुली, शतधौत घृत करून बघितलंस का? आमच्या आईच्या वेळचं. तांब्याच्या परातीत घरचं साजूक तूप घ्यायचं, त्यात गार पाणी घालून तळहातानं फेसत राहायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं. असं शंभर वेळा. मी तुरीचे शंभर दाणे मोजून घेते, दर पाण्याला एक दाणा दुसऱ्या वाटीत. वीस-पंचवीस दाण्यांनंतर तुपाचा पिवळेपणा जायला लागतो, साठाच्या पुढं ते लोण्याहून हलकं आणि पांढरंशुभ्र होतं, तुपाचा वासही जवळजवळ राहत नाही. ऐंशीव्याला हात भरून येतात, तेव्हा नातवाला बसवायचं.

आग होत असेल तिथं इतकं गार लागतं की विचारू नकोस. पण तुझ्याच भाषेत सांगते, यात पाणी राहतं. थोडंच करावं, फ्रीजमध्ये ठेवावं, वास बदलला की फेकावं.

---

सुईदोरा | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.००

मावशी, करते. नातू नाही, मशिनवरची शिकाऊ मुलगी आहे, तिला पन्नास दाणे देते.

---

माळावरचा_म्हातारा | १३ नोव्हेंबर, रात्री ८.२०

काळ्या कुड्याचं कुणीच कसं लिहिलं नाही? त्याची ताजी पानं खोबरेलात घालून काचेच्या बरणीत उन्हात ठेवली की तेल जांभळं होतं, अगदी पिकल्या जांभळासारखं. तमिळनाडूत सिद्ध वैद्य सोरायसिसला हेच तेल देतात. आमच्या माळावर झाडं आहेत. पांढरा कुडा वेगळा, तो पोटाच्या औषधाचा, गल्लत करू नये. बावचीचं तेलही चांगलं, ते लावून उन्हात बसावं.

---

औषधपेटी | १३ नोव्हेंबर, रात्री ९.०५

काका, काळ्या कुड्यावर वाद घालत नाही, तयार तेल दुकानात येतं आणि काहींना मानवतं. फक्त घरी करताना पानं धुतली असतील तर पूर्ण सुकवून घाला, पाण्याचा थेंब गेला की कोरफडीचीच गत. पण बावचीबद्दल हात जोडतो. बावचीत सोरालेन असतं, कातडी उन्हाला हळवी करणारं. तेच द्रव्य दवाखान्यात मोजून देतात आणि त्यावर ठरावीक किरण मोजून सोडतात. अंगणात बसून ना तेल मोजलं जातं ना ऊन. अर्धा तास ऊन घेऊन पाण्यानं भरलेले फोड घेऊन आलेला माणूस मी बघितलाय. सोरायसिसवर भाजलेली जखम म्हणजे पुन्हा ताईंचा कोबनर.

---

माळावरचा_म्हातारा | १३ नोव्हेंबर, रात्री ९.३०

मान्य. बावची मागे घेतो. कुडा घेत नाही.

---

सातेरी | १४ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

आम्ही महाबळेश्वरच्या डोंगरात मधपेट्या ठेवतो. इकडचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, ते ऐकलं असेल. मेणाबद्दल दोन शब्द. पेटीतल्या सातेरी माशीचं पोळं मध काढून परत पेटीत ठेवतात, त्यामुळं तिचं मेण थोडंच मिळतं. विकायला येतं ते बरंचसं आग्या माशीच्या पोळ्याचं. कच्चं मेण आणलंत तर ते तसंच मलमात घालू नका. पाण्यात टाकून मंद आचेवर वितळवा, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा, रात्रभर गार होऊ द्या. सकाळी वर पिवळी चकती तरंगते, तिच्या पोटाला काळपट गाळ चिकटलेला असतो, तो सुरीनं खरवडायचा. दोनदा करा. पराग आणि कचरा राहिला तर नाजूक कातडीला सोसत नाही. मग चकती दोन दिवस चांगली वाळवा, नाहीतर पाणी लपून राहतं.

खऱ्या मेणाला मधाचा मंद वास येतो, आणि जुनं झालं की वर पांढुरकी भुकटी धरते. ती बुरशी नव्हे, कापडानं पुसली की जाते.

---

स्टार्टअप_सांगलीकर | १४ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

ताई, हे ब्रँड होऊ शकतं! ‘सोरायसिसमुक्त सातारा’ असं नाव, शंभर ग्रॅमची डबी, इन्स्टावर रील, बचत गटाच्या बायका पॅकिंगला. मी मार्केटिंग बघतो.

---

औषधपेटी | १४ नोव्हेंबर, दुपारी १२.०५

आधी परवाना बघा. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे राज्याच्या औषध प्रशासनाचा परवाना लागतो. आणि डबीवर रोगाचं नाव घालून बरं करतो म्हटलं की ते प्रसाधन राहत नाही, औषध होतं, त्याचे नियम आणखी कडक. ‘मुक्त’ तर विसराच.

---

सुईदोरा | १४ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

भाऊ, माझ्याकडं दिवाळीचे अकरा ब्लाउज अजून शिवायचे राहिलेत. ब्रँड तुम्हीच करा.

---

कराडचा_शिरपा | १४ नोव्हेंबर, रात्री १०.५०

लिहू की नको करत होतो. वरचं विकण्याचं वाचलं म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वी एका आठवडी बाजारात एक माणूस बिनलेबलची डबी विकायचा. जडीबुटीचं म्हणायचा. पांढरं क्रीम, वास कसलाच नाही. तीन आठवड्यांत कोपरं अशी साफ झाली की मी पहिल्यांदा हाफ शर्ट शिवून घेतला. डॉक्टरांच्या गोळ्या मनानंच बंद केल्या. मग तो माणूस बाजाराला यायचा बंद झाला. डबी संपली आणि पंधरा दिवसांत सगळं अंग लाल, तापलेलं, थंडी वाजून हुडहुडी. अंथरुणावर सकाळी खपल्या झाडाव्या लागायच्या. मिरजेला नऊ दिवस ॲडमिट होतो. तिथं डॉक्टर म्हणाले, बहुतेक डबीत जोरकस स्टिरॉइड असणार.

हाफ शर्ट अजून कपाटात आहे. ताई, तुमचं मलम केलं काल, पहिली खेप. मेण जरा जास्त झालं, मेणबत्ती झालीय.

---

औषधपेटी | १४ नोव्हेंबर, रात्री ११.१५

शिरपा, लिहिलंस ते फार चांगलं केलंस. वाचणाऱ्यांनी एवढं धरा की घरच्या मलमानं चमत्कार होत नाही, आणि बिनलेबलच्या डबीनं झाला तर डबी घेऊन डॉक्टरांकडे जा. चालू असलेलं स्टिरॉइड, पोटातलं असो की लावायचं, मनानं एकदम तोडू नका.

---

सुईदोरा | १५ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

शिरपादादा, मेणबत्ती पुन्हा वितळवा, वीस ग्रॅम तीळतेल घाला. वाया काही जात नाही. आणि कोकमतेल घालूनही कधी रवाळ झालं तर तसंच वितळवून बरण्या थंड पाण्यात ठेवून पटकन गार करायचं, हळूहळू गार झालं की दाणे धरतात.

हाफ शर्टाचं वाचून रात्री झोप नाही लागली. म्हणून एक गोष्ट लिहिते, जी मलमाइतकीच उपयोगी पडली आणि मी वर लिहिलीच नाही, कारण शिवणकाम हे काय औषध, असं वाटलं. मी कोपरांसाठी सुट्या बाह्या शिवल्यात. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर किंवा सुती साडी. रात्री मलम लावायचं, वर बाही चढवायची. मलम चादरीला लागत नाही आणि झोपेत खाजवलं तर नख कापडाला लागतं. दिवसा मशिनवर दुसरी जोडी.

---

औषधपेटी | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

कल्पना उत्तम, दोन गोष्टी मात्र बघा. एक, बाहीवर प्लास्टिक गुंडाळू नका, विशेषतः खाली स्टिरॉइड क्रीम असेल तर, ते गरजेपेक्षा जास्त मुरतं. दुसरी, तेल-मेण मुरलेलं कापड भराभर पेटतं आणि धुऊनही ते पूर्ण निघत नाही. गॅसपाशी जाताना बाह्या उतरवा. देवघरात निरांजन लावतानाही.

आणि ताई, मागे एकदा तुम्ही लिहिलं होतं की सकाळी सुईत दोरा ओवताना बोटं वळत नाहीत. अर्धा-पाऊण तास आखडत असतील, किंवा नखांवर अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे असतील, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. सोरायसिस सांध्यांतही जातो. लवकर कळलं तर सांधे वाचवता येतात.

---

सुईदोरा | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.४५

खड्डे आहेत. दोन नखांवर. मी समजत होते सुया टोचून झालेत. सोमवारची वेळ घेते.

---

हरिपूरची_सून | १५ नोव्हेंबर, दुपारी १.००

वहिनी, जाऊन याच. आणि बाहीचं माप द्या ना, सासूबाईंच्या बहिणीला आहे. सासूबाई म्हणतात, आतून हळद लावली तर... मी काही बोलले नाही.

---

सुईदोरा | १५ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

लिहून घ्या. लांबी कोपराच्या वर पाच बोटं, खाली सहा. वरचा घेर आणि खालचा घेर मोजून दोन्हींत दीड इंच सैल धरा. कापड उरेबी, म्हणजे तिरकं कापा, त्यामुळे कोपर वाकवताना ते ताणून देतं, सरळ कापलं तर मागं ओढून घासतं. इलास्टिक अजिबात नको, त्याचा वळ पडतो आणि वळावर चट्टा. वरच्या बाजूला सैल नाडी, तीही कापडाचीच. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा, दिसायला उलटी दिसेल, दिसू दे. कोपराच्या टोकावर जोड येता कामा नये, जोड दंडाच्या आतल्या बाजूनं घ्या.

गुडघ्याला हीच बाही टिकत नाही, चालताना सरकते. त्याला जुन्या सैल पायजम्याचे पाय चांगले.

शिरपादादा, तुमच्या दंडाचा घेर व्यनि करा. धोतर अर्धं उरलंय.